तिकीट नसलेलं शहर

प्रिय अहो,

बघा, पहिल्याच ओळीला अडले. संसारभर तुम्हाला नावानं हाक मारली नाही, आता कागदावर तरी कुठून धीर आणू? म्हणून आपलं 'अहो'च. तुम्हाला कळेल. दुसऱ्या कुणाला मी अहो म्हणत नाही.

लिहितेय ते एका बातमीसाठी. अहो, मी जिंकले! अक्का गावी परत गेल्या, आणि मला न घेता गेल्या. वसईकडचं, आचोळ्याचं आपलं घर आहे तिथंच आहे, दारावरची तुमच्या नावाची पाटीही तशीच आहे. आणि हे कशाच्या जोरावर झालं, माहितीय? तुमच्या त्या फुकटच्या रविवारांच्या जोरावर! ज्यांच्यावरून मी तुम्हाला इतकी वर्षं टोचून बोलले, त्यांच्याच.

सगळं पहिल्यापासून सांगते. मधेमधे प्रश्न विचारायची तुमची सवय, पण आज गप्प बसून ऐकायचं.

तुमचं वर्षश्राद्ध झालं. गावाहून तुमच्या वहिनी, म्हणजे आमच्या अक्का, एकट्याच आल्या होत्या. भाऊजींचे गुडघे आता एवढा प्रवास सोसत नाहीत. मंडळी जेवून गेली, आणि ओला हात पदराला पुसता पुसता अक्कांनी विषय काढला. "सुमन, आता पुरे झालं. हा फ्लॅट काढून टाक आणि गावी चल. मागची खोली तुझ्यासाठी रंगवून घेतलीय."

मी म्हटलं, "अक्का, मला इथं बरं आहे."

"काय बरं आहे? ना नदी, ना अंगण, ना आपलं माणूस. पोरगा तिकडं बंगळूरला. उद्या पडलीस-झडलीस तर कोण बघणार? आहे काय तुझं इथं? सांग ना!"

वाईट हेतू नव्हता हो त्यांचा. जीव आहे त्यांचा माझ्यावर, म्हणून तर आल्या. पण त्यांनी आधीच तुमच्या-माझ्या लेकाला फोन करून पटवून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आई, काकूचं काय चुकतंय?" आता तोही त्यांच्या बाजूनं गेल्यावर मी कुणाच्या तोंडाकडे बघायचं? तुमच्या फोटोकडे बघितलं. वसईच्या किल्ल्यातलाच फोटो, डोक्यावर ती विटकी टोपी. हसताय कसले! इकडं माझं घर चाललंय आणि तुम्ही हसताय!

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, उद्या रविवार आहे. एक दिवस माझ्याबरोबर चला. माझं इथं काय आहे ते दाखवते. त्यानंतरही तुम्ही म्हणालात चल, तर मुकाट्यानं बॅग भरीन."

बोलून तर बसले खरी. तुमच्याबरोबर किल्ल्यात मी कायम मागून चालले. पिशवी माझ्याकडे, वाट तुमच्याकडे. एकटीनं मला तिथं काय सापडणार होतं?

आठवतं का, लग्नानंतर मी गोव्याचा हट्ट धरला होता? गोवा बघायचा, फिरंग्यांची ती मोठी मोठी चर्चं बघायची. तुम्ही म्हणालात, "अगं, गोव्याला काय जायचं? उत्तर कोकणातली त्यांची राजधानी आपल्या दाराशी पडलीय. शहरच्या शहर आहे. तट आहे, चर्चं आहेत, समुद्र आहे. आणि तिकीट नाही!" मला वाटलं, पहिल्या वर्षी पैशाची ओढाताण असेल, पुढं नेतील. पुढं कसलं! दर रविवारी तेच. पिशवीत पोळीभाजीचा डबा, पाण्याची बाटली, बसायला जुनं वर्तमानपत्र. "बसभाडं तेवढं माफ केलं सरकारला," म्हणायचात. चिक्कू मेले! असं मी मनात किती वेळा म्हटलं असेन, आज कबूल करते. पण तोंडावरही म्हटलंय, तेव्हा त्यात कबूल करण्यासारखं काही नाही.

आणि तुमच्या त्या युक्त्या! कुणी पैसेवाले पाहुणे गाईड घेऊन आले की तुम्ही जरा लांब वाकून बुटाची नाडी बांधत बसायचात, कान तिकडे. एकदा त्या गाईडनं पकडलंच. "काका, चपलेला नाडी कधीपासून लागली?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. तुम्ही मात्र खो खो हसलात, आणि तोही हसला. "या, जवळ येऊन ऐका," म्हणाला. मग काय, दर रविवारी तुम्ही त्याचे मानाचे पाहुणे.

त्याच्याच तोंडून तुम्ही ती घंटेची हकिगत ऐकलीत. मनोऱ्याखाली उभे होतो आपण. तो सांगत होता, पेशव्यांच्या फौजेनं वसई जिंकली तेव्हा इथल्या चर्चच्या घंटा उतरवून देशावर नेल्या, आणि तिकडच्या देवळांतून टांगल्या. कितीतरी ठिकाणी अजून वाजतात म्हणे. तुम्ही माझा हात असा घट्ट धरलात की बांगडी रुतली. "अगं, देवकी!"

आपल्या गावच्या घाटावरची घंटा. देवळांची वाई इतकी जवळ, तरी अख्ख्या पंचक्रोशीत तसली दुसरी नाही. तिच्यावर ओतीव काम केलेली बाई, कडेवर बाळ. गावातली प्रत्येक बाई नदीवरून येताना तिला हळदकुंकू लावते. देवकी म्हणतात तिला. मी नवी नवरी आले तेव्हा अक्काच मला हाताला धरून घेऊन गेल्या होत्या तिच्यापुढं. "हिच्याकडं माग, देते," म्हणाल्या. मागितलं, आणि दिलंही तिनं. आपला लेक तिचाच.

आणि तुम्ही काय केलंत? गणपतीला गावी गेलो, तेव्हा भरल्या ताटावर सांगून टाकलंत, "वहिनी, आपली देवकी म्हणजे येशूची आई बरं का. वसईहून आलेली." अहो, काही वेळकाळ? अक्कांच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या! "देवकीचा धर्म बदलायला निघालात काय? दर रविवारी भटकून हेच शिकलात?" मोदक तसाच ताटात टाकून उठल्या. तेव्हापासून त्यांच्यापुढे किल्ल्याचं नाव काढायचं नाही, असा आपण कानाला खडा लावला. आणि अक्कांनी किल्ल्यात पाऊल टाकायचं नाही असा.

अशा बाईला मी तिथंच न्यायला निघाले होते. वेड लागलं होतं मला, दुसरं काय!

बसमधून उतरलो. अक्कांनी पर्स उघडून इकडंतिकडं बघितलं. "तिकीट कुठं काढायचं?"

"तिकीट नाही."

"नाही?" पर्स बंद. "मग बघण्यासारखंही काही नसणार. आम्ही सिंगापूरला गेलो तेव्हा साध्या बागेला तिकीट होतं."

झाली ना माझी दांडी गुल, दुसऱ्याच चेंडूवर! तुम्ही असतात तर काहीतरी खुसखुशीत बोलला असतात. मी आपली पिशवी सावरली आणि दरवाजातून आत शिरले.

आणि चुकले. तुम्ही नेहमी वळायचात ते वळण कुठलं, तेच कळेना. दोन्ही बाजूंना सारख्याच काळ्या भिंती, सारखेच ताड, सारखीच झुडपं. एका वाटेनं गेलो तर पुढं काट्यांची जाळी आणि वटवाघळांचा वास. अक्कांनी पदर नाकाला लावला. "हेच का गं ते, तुझं इथं असलेलं?"

डोळ्यांत पाणीच आलं. तुमचा राग आला. इतकी वर्षं नेलंत, एकदा तरी म्हणायचं होतं, आज तू पुढं चाल!

मग जरा उभी राहिले. मला वाट ठाऊक नव्हती, पण तुमची पाठ ठाऊक होती ना! त्या पाठीच्या आजूबाजूला काय दिसायचं ते एकेक आठवलं. डाव्या खांद्यापलीकडं विहीर. मग ती चिंच, जिच्याखाली तुम्ही टोपी काढून डोकं पुसायचात. मग ती बुटकी कमान, जिथं तुम्ही वाकायचात आणि मागं न बघता म्हणायचात, "डोकं सांभाळ." मागं फिरले, विहीर दिसली. चिंच दिसली. कमानीपाशी आले आणि मीच म्हटलं, "अक्का, डोकं सांभाळा."

कमानीतून बाहेर पडलो आणि अक्का थांबल्याच. समोर ते आपलं छप्पर नसलेलं चर्च, केवढं थोरलं, वर नुसतं आभाळ. भिंतीच्या खिडक्यांतून पोपट येतजात होते. "अगो बाई!" एवढंच म्हणाल्या. तिथं एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो चालले होते, पोरीचा लाल झगा पार पायऱ्यांवरून खाली आलेला. तुम्हाला कसं आवडायचं ते बघायला! "दर रविवारी लग्न, आणि आहेर नाही," म्हणायचात. अक्का जाऊन त्या पोरीचा झगा नीट पसरून आल्या, वर नवऱ्या मुलाला दम दिला, "असा काठी गिळल्यासारखा उभा राहू नको, हस जरा!" फोटोवाला म्हणाला, "आजी, रोज येत जा."

आत जाताना मी तुमच्यासारख्या चपला काढल्या. छप्पर गेलं म्हणून देव गेला असं थोडंच आहे, हे तुमचंच. अक्कांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांनीही काढल्या. जमिनीत बसवलेल्या त्या थडग्यांच्या दगडांना वळसा घालून आम्ही पुढं गेलो. डबा खाल्ला तो आपल्या मनोऱ्याखालीच. सावली तिथंच चांगली, म्हणून तर तुम्ही ठरवून टाकलं होतं की आपल्या गावची घंटा याच मनोऱ्यातली. गाईडनं किती वेळा सांगितलं, काका, इथं इतकी चर्चं होती, कुठली घंटा कुठली ते आता कोण सांगणार? तुम्ही म्हणायचात, "मी सांगतो ना!"

मी घंटेबद्दल चकार शब्द काढला नव्हता हं. अक्कांनीच मान वर केली. "एवढ्या उंच काय होतं गं?"

"घंटा."

"मग कुठं गेली?"

मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं. अक्का फटकन उठल्या. "झालं! नवरा गेला, तरी त्याचं पालुपद सुटत नाही तुझं. चल, पाणी संपलंय. ऊन झालं."

संपलं, असं वाटलं मला. मनातल्या मनात बॅग भरायलाही घेतली. तुमची टोपी वर ठेवायची की खाली, इथपर्यंत आले होते.

पाणी हवं म्हणून अक्कांना पाचूबंदरच्या कोळीवाड्यात, दर रविवारी आपण पाणी प्यायला टेकायचो त्या मार्थाकडे घेऊन गेले. दुसरं कुठं जाणार? पाण्याची बाटली विकत घेतली असती तर तुम्ही स्वप्नात येऊन भांडला असतात. मार्था ओट्यावर बसून बोंबील निवडत होती. अंगणात बांबूवर बोंबलांची रांग. तुम्ही गेल्यावर मी पहिल्यांदाच तिच्या दाराशी गेले. तिला ठाऊक होतं, मीच फोनवर सांगितलं होतं. पण तरी तिची नजर एकदा माझ्या पुढं गेली, तुम्ही असायचात त्या जागेवर. मग उठली आणि मला पोटाशी धरलं. मासळीच्या हातांनीच.

"इतके दिस लागले, बाय? मी म्हटलं, बाबा गेला तं ही वाट इसरली." मग अक्कांकडे बघून, "आनि ही कोन?"

"माझी थोरली जाऊ. मला गावी न्यायला आलीय."

"असं?" मार्थाचं तोंड उतरलं. "आदी आत तं या. पानी पिया."

आत गेलो. अक्का पदर नाकाशी धरून उंबऱ्यातून वाकल्या, आणि वाकलेल्याच राहिल्या. समोरच्या भिंतीवर मार्थाची ती वेदी, तुम्हाला ठाऊक आहे. मेणबत्ती, झेंडूची माळ, आणि काचेच्या चौकटीत कडेवर बाळ घेतलेली मारिया माय.

"सुमन," अक्का हळूच म्हणाल्या, "ही तर आपली देवकी!"

तीच मान वाकडी, तसाच बाळाचा हात वर. मी काही बोलायच्या आत अक्कांनी पर्समधला करंडा काढला आणि सवयीनं, गावच्या घाटावर लावतात तसं, चौकटीच्या काचेला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. आता मार्था काय म्हणेल? तिच्या घरात, तिच्या मायेला कुंकू!

अक्कांच्याही लक्षात आलं. करंडा तसाच हातात, आणि तोंड लहान मुलासारखं झालेलं. "चुकलं हो माझं. आमच्याकडं घंटेवर अशीच आहे. रोज लावतो. हात आपोआप गेला."

"घंटेवर?" मार्था म्हणाली. "तुमच्या गावात आमची घंटा हाय?"

आणि अहो, तुमच्या वहिनी, ज्या भरल्या ताटावरून उठल्या होत्या, त्या म्हणाल्या, "आहे. तुमचीच असणार."

ऐकलंत ना? परत लिहू? "तुमचीच असणार!" मी तुमच्यासाठी तिथल्या तिथं उड्या मारायची बाकी होते.

मार्था काचेजवळ गेली. मला वाटलं, पुसते आता. तिनं नुसतं निरखून बघितलं. "वाजते अजून?"

"रोज. सकाळच्या आरतीला. नदीपलीकडं ऐकू जाते."

"कुनी पुसतं तिला? साफबीफ करतं?"

"अहो, लेकुरवाळ्या बायका स्वतःच्या पदरानं पुसतात. नवी सून आली की आधी तिच्यापुढं नेतात. हिलाही मीच नेलं होतं."

मार्था खाली बसली आणि डोळे पुसून हसायला लागली. "मंग बरं झालं. सुखात हाय म्हनायची. चांगल्या घरी पडली आमची पोर." मग एकदम माझा हात धरून अक्कांकडे वळली. "पन ऐक, बाय. आमची तिकडं ठेवलीव ना तुमी? आमी मागाया आलो काय? मंग ही तुमची इकडं ऱ्हाऊ द्या. फिट्टंफाट!"

अक्का इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की ठसका लागला आणि मार्थानं त्यांना आणखी पाणी पाजलं. जाताना मार्थानं बोंबलांचं पुडकं हातात कोंबलं. अक्कांना मासळी चालत नाही, तरी घेतलं.

परत येताना बस मिळेपर्यंत अक्का तटाकडे बघत उभ्या होत्या. म्हणाल्या, "एवढं थोरलं शहर, आणि तिकीट नाही? वेडी आहेत का माणसं!" मग म्हणाल्या, "मागच्या खोलीत मी लोणच्याच्या बरण्या ठेवीन. तू ये सणावाराला. आणि तुझ्या त्या नवऱ्याला..." पदरानं डोळे पुसले. मी समजायचं ते समजले. तुम्हीही समजा.

हे झालं मागच्या रविवारचं. पण पत्र लिहायला बसले ते आजच्यासाठी.

आज सकाळी मी आणि मार्था मनोऱ्याखाली जाऊन उभ्या राहिलो. ती चर्चमधून तशीच आली होती, चांगली साडी नेसून. मी पुढं चालत होते, ती मागं. कमानीपाशी मी तिला म्हटलं, डोकं सांभाळ. अक्कांनी ठरल्याप्रमाणे घाटावरून फोन लावला. आवाज मोठा करून मी फोन मनोऱ्याच्या दगडी कोनाड्यात ठेवला. आधी नुसताच वारा आणि कावळे. मग भाऊजींचा आवाज, "हं, वाजव गं!" गुडघे दुखताहेत, तरी घाट उतरून आले होते.

आणि वाजली, अहो! आपली देवकी वाजली! छप्पर नसलेल्या त्या भिंती आवाज कसा धरतात, तुम्हाला काय सांगू! पारवे भर्रकन उठले. फोटो काढायला आलेली पोरं गप्प झाली. मार्थानं कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावून क्रूस केला. मी हात जोडले. शेकडो वर्षांपूर्वी इथून गेलेली पोर आज माहेरी ओरडून सांगत होती, मी बरी आहे म्हणून. कुठल्या मनोऱ्यातली होती ते राहू दे. आता याच मनोऱ्यातली. तुम्ही म्हणाला होतात ना? मग झालं तर.

फक्त तुम्ही नव्हतात. वर्षभर नाही रडले तेवढी तिथं रडले. मग आपलं वर्तमानपत्र अंथरलं आणि आम्ही दोघींनी डबा खाल्ला. खर्च? फोनचा पॅक महिनाभराचा भरलेलाच होता. एक पैसा वरकड लागला नाही. शपथ!

आता माझा शब्द घ्या. घर विकणार नाही. दर रविवारी जाईन, उन्हात टोपी घालून, तुमचीच. "तुझं इथं काय आहे" असं जो कुणी मला विचारील, त्याला हाताला धरून नेईन आणि फुकटात दाखवीन. कुणी लांब उभं राहून चपलेची नाडी बांधताना दिसलं, तर जवळ बोलवीन. आणि आता मी पुढं चालेन. पण कमानीपाशी क्षणभर थांबेन, तुम्ही मागून येत असाल तर.

डोकं सांभाळा.

तुमची 'अगं',
सुमन